बत्तीस बटणं

बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला
हिशेबाच्या वहीखाली माझा ड्यूक असतो.
त्याला सहकारी बँकेच्या कॅलेंडरचं कव्हर आहे,
मे महिन्याचं. बाहेरून संकष्टी, अमावास्या, बँकेला सुट्टी,
आत खिडकीशी उभा एक माणूस,
ज्याला आयुष्यात कधी
उधारी मागायला जावं लागलेलं नाही.

पुस्तक नसीमचं. ती उर्दू शाळेत भूमिती शिकवते.
तिला ते मिळालं मुरुडच्या एका लॉजवर,
पुण्याची माणसं मागे ठेवून गेली: एक चप्पल, उन्हाचं मलम, आणि हे.
तिच्याकडून सिस्टर आंब्रेंकडे, सिस्टरकडून माझ्याकडे.
समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत.
कुणाच्या, ते आम्ही तिघी विचारत नाही.
टेबलावर ठेवलं की एकशे चाळीसाव्या पानावर
ते आपलं आपण उघडतं.

माझं इंग्रजी दापोलीच्या कॉलेजातलं, तेही अर्धवट.
ड्यूक रेक आहे, असं पहिल्याच ओळीत लिहिलंय.
शब्दकोशात पाहिलं: दंताळे.
साठ पानं मी समजत होते
गड्याला बागकामाची आवड असावी.

एकशे चाळीसवर तो तिचा हातमोजा काढतो.
एवढंच. हातमोजा. अडीच पानं.
करंगळीपासून सुरू करतो, एकेक बोट सुटं करत,
मनगटाशी पोचतो तेव्हा थांबतो, श्वास घेतो,
आणि मी वर पाहते तर
कंप्रेसरचा काटा लाल रेघेपाशी
आणि मी जागची उठलेली नाही.

त्यांच्याकडे थंडी फुकट मिळते,
म्हणून शेकोट्या, शाली, घोडागाडीत गुडघ्याला गुडघा.
आमच्याकडे थंडी लादीच्या भावाने जाते.
पण लादी साच्यातून निघते ना,
तिच्या अंगावरून वाफ निघते.
मी बावीस वर्षं बघतेय. बर्फालाही वाफ असते.

दोनशे बारावर तिच्या पाठीची बटणं येतात.
मोत्यांची. बत्तीस. लेखिका एकही गाळत नाही.
मी सतराव्यावर होते, दारात तांडेल उभा,
"बाय, चाळीस लाद्या! भरती निघून चालली!"
पावती फाडली, शिक्का मारला,
क्रशरमध्ये लाद्या कडाकडा फुटल्या,
सुट्टे नव्हते, पुढच्या खेपेला देईन म्हणाला.
अठरा.

माझ्या लग्नातल्या ब्लाऊजला चार हूक होते,
त्यातला एक पहिल्याच रात्री तुटला.
हरेश खाली वाकून कंदिलाच्या उजेडात तो शोधत बसला,
लाजेने की भीतीने, कोण जाणे,
सापडल्यावर जाळ्याच्या नायलॉनने
जाळ्याचीच गाठ मारून शिवून दिला.
ब्लाऊज केव्हाच विरला.
हूक मी कापून ठेवलाय, गाठीसकट.
ती गाठ काही सुटत नाही.
पुस्तकात असलं काही नाही.

आज पहाटे सुवर्णदुर्गाच्या मागून त्याची होडी आली.
मी पाळी संपवून वाळूवर उभी.
लिलाव पुकारला जात होता, सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग,
तो रबरी हातमोजा नेहमीसारखा दातांत धरून
ओढायला लागला.
"हळू," मी म्हटलं.
"काय?"
"मोजा. हळू काढ. एकेक बोट."
तो माझ्याकडे बघत राहिला.
"अंगात ताप हाय का गो?"
"नाय."

पाणी पायाशी येऊन गेलं, परत आलं.
बैलगाडीवाल्याने हाक मारली, त्याने ऐकली नाही.
ड्यूक करंगळीपासून सुरुवात करतो.
हरेशने अंगठ्यापासून केली.
मी काही बोलले नाही.
मधल्या बोटावर एक खवला चिकटला होता,
तो त्याने आधी
लुंगीला पुसला.